पुढचं विमान किती वाजता?

विमान कंपन्यांची वेळापत्रकं वाचायची मला फार जुनी सवय आहे. कुठे जायचं नसलं तरी मी ती वाचतो. चौदा-पंधरा तास समुद्र ओलांडत जाणाऱ्या उड्डाणांचं सगळ्यांनाच अप्रूप असतं. माझी नजर मात्र तासाभराच्या फेऱ्यांवर अडकते. सहा, साडेसहा, सात, साडेसात, आठ... वर दोन शहरांची नावं आणि खाली वेळांची लांबच लांब ओळ. ती ओळ पाहिली की त्या दोन शहरांचं एकमेकांवाचून किती अडतं ते कळतं. विमानाचा वेग वाढला म्हणून शहरं जवळ आली, असं आपण सहज म्हणून जातो. मला ते पटत नाही. 'माझं विमान कोणतं?' हा प्रश्न मागे पडून 'पुढचं किती वाजता?' एवढंच विचारणं प्रवाशाला पुरायला लागतं, त्या दिवशी दोन शहरं जवळ येतात.

हा प्रश्न विचारायची मुभा सगळ्यात मोकळ्या हातानं दिली ती अमेरिकेतल्या ईस्टर्न एअर लाइन्सनं. ३० एप्रिल १९६१ रोजी न्यूयॉर्क–बोस्टन आणि न्यूयॉर्क–वॉशिंग्टन या मार्गांवर त्यांची शटल सेवा सुरू झाली. आरक्षण नाही, आसन क्रमांक नाही. विमानतळावर यायचं, एका कागदावर नाव लिहायचं आणि बसथांब्यावरून बसमध्ये चढावं तसं विमानात जाऊन बसायचं. भाडं विमान वर गेल्यावर गोळा व्हायचं. हवाई सुंदरी ढकलगाडी घेऊन रांगेरांगेतून फिरायची, पैसे घ्यायची, पावती द्यायची. पण या सेवेचा जीव होता तो तिच्या हमीत. आलेल्या प्रत्येकाला जागा मिळणार. विमान भरलं आणि एक माणूस जरी मागे उरला, तरी त्याच्यासाठी दुसरं विमान काढायचं. ते दुसरं विमान, त्याचे वैमानिक, त्यावरचे कर्मचारी असे सगळे तयारीत बसून असायचे.

एका माणसासाठी आख्खं विमान! हे परवडत कसं होतं? त्याचं उत्तर त्या काळात आहे. जेट विमानं नुकतीच आली होती आणि लॉकहीड कॉन्स्टेलेशनसारखी चार पंख्यांची देखणी विमानं एकदम जुनी ठरली होती. विकायला काढली तर किंमत येत नव्हती आणि लांबच्या मार्गांवर त्यांना कुणी विचारत नव्हतं. अशी विमानं धावपट्टीच्या कडेला उभी राहिली तरी कंपनीचं फारसं नुकसान नव्हतं. ईस्टर्ननं ती शटलवर लावली. जी गोष्ट तोट्यात जमा झाली होती, तिच्यातून त्यांनी प्रवाशासाठी निश्चिंतपणा तयार केला. विमान वाहतुकीच्या इतिहासात मोठमोठे पराक्रम आहेत, पण मला हा हिशेब त्यातल्या कित्येकांपेक्षा सुंदर वाटतो.

ब्राझीलमध्ये हीच गरज वेगळ्या वाटेनं भागवली गेली, आणि तीही ईस्टर्नच्या आधी. ६ जुलै १९५९ला रिओ दि जानेरो आणि साओ पावलो यांच्यामध्ये 'पोंते आएरेआ', म्हणजे 'हवाई पूल' ही सेवा सुरू झाली. वारिग, क्रुझेरो आणि वास्प या तीन प्रतिस्पर्धी कंपन्यांनी आपली वेळापत्रकं एकमेकांत ओवली आणि एकीचं तिकीट दुसरीच्या विमानात चालू लागलं. एरवी तीन कंपन्यांची चुरस असली की तिघींचीही विमानं सकाळच्या त्याच गर्दीच्या वेळेला सुटतात आणि मग दोन-दोन तास काहीच नसतं. प्रत्येकीला गर्दीची वेळच हवी असते. तिघींनी मिळून वेळा वाटून घेतल्यावर कुणीही विमान न वाढवता प्रवाशाचं थांबणं कमी झालं. चुरशीनं ग्राहकाचं भलं होतं हे खरंच, पण दोन शहरांमध्ये सतत येजा ठेवायची असेल तर थोडी सलगीही लागते.

या मार्गावर पुढे एक विलक्षण गोष्ट घडली. १९७५ पासून जानेवारी १९९२ पर्यंत इथे फक्त लॉकहीड इलेक्ट्रा उडत होती. इलेक्ट्रा म्हणजे चार टर्बोप्रॉप इंजिनांचं, टर्बाइननं पंखे फिरवणारं विमान. १९५९ आणि १९६० साली अमेरिकेत दोन इलेक्ट्रांचे पंख हवेतच तुटले. इंजिनाच्या बैठकीतली थरथर पंखापर्यंत पोचून तो मोडेपर्यंत वाढते, हे त्या चौकशांतून कळलं. विमानं दुरुस्त, मजबूत केली गेली, पण तोवर जेटचा जमाना आला आणि जगानं इलेक्ट्राकडे पाठ फिरवली. रिओ–साओ पावलो मार्गावर मात्र ती जेटच्या भर अमदानीत टिकून राहिली. याचं एक कारण सांतोस द्युमाँ हा रिओचा विमानतळ. खाडीत भराव टाकून केलेला, शहराला चिकटलेला आणि जेमतेम १,३२३ मीटर धावपट्टीचा. दुसरं कारण साधं गणिताचं आहे. दोन्ही शहरांमध्ये हवाई अंतर पावणेचारशे किलोमीटरच्या आत. एवढ्या टप्प्यात विमान वर चढेपर्यंत उतरायची वेळ होते, त्यामुळे जेटनं वाचून वाचणार किती, तर दहा-पंधरा मिनिटं. आता फेऱ्यांचं पाहा. विमान तासातासाला असेल तर अवचित आलेल्या माणसाला सरासरी अर्धा तास थांबावं लागतं. अर्ध्या तासानं असेल तर पाव तास. म्हणजे नवं जेट आणून जेवढा वेळ वाचतो, तेवढाच फेऱ्या दुप्पट करूनही वाचतो. त्यात हे दुसरं वाचणं प्रवाशाला जास्त जाणवतं, कारण उडताना गेलेल्या मिनिटांपेक्षा ताटकळत काढलेली मिनिटं मोठी असतात.

शहराच्या कुशीतले विमानतळ नसते तर शटल उभीच राहिली नसती. न्यूयॉर्कचं लाग्वार्डिया, टोकियोचं हानेदा, सोलचं गिम्पो, मिलानचं लिनाते, साओ पावलोचं काँगोन्यास. लांबच्या उड्डाणांसाठी गावाबाहेर मोठमोठे विमानतळ झाले, पण तासाभराच्या प्रवासाला दीड तास गाडीत बसून कोण जाणार? या जवळिकीची किंमतही मोजावी लागली आहे. १७ जुलै २००७ला पावसात काँगोन्यासवर उतरलेलं एक एअरबस धावपट्टीवर थांबलं नाही, रस्ता ओलांडून समोरच्या इमारतीवर आदळलं आणि १९९ माणसं गेली. त्यातली काही तर विमानात नव्हतीच. ते विमान शटलचं नव्हतं, पोर्तो अलेग्रेहून आलेलं होतं. तरी वस्तीच्या मधोमध विमानतळ हवा असं म्हणताना हा दिवस विसरून चालणार नाही, असं मला वाटतं.

अशा छोट्या मार्गांवरच्या पहाटेच्या विमानातली माणसं मला आवडतात. मोठ्या बॅगा नसतात. खिडकीसाठी धडपड नसते. आसनाखाली पिशवी सरकवून बहुतेक जण डोळे मिटतात आणि चाकं जमिनीला टेकली की एकाच वेळी जागे होतात. त्यांना कामाला जाणारे म्हणून एकाच पोतडीत घालणं मात्र चूक आहे. एकदा माझ्या शेजारी एक बाई बसल्या होत्या. मांडीवर एक्स-रेचं मोठं पाकीट. आईवर दुसऱ्या शहरात उपचार चालू होते आणि त्यांचं दर आठवड्याला जाणं-येणं होतं. परतीचं विमान संध्याकाळचं का, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "परतीचं तिकीट मी आधी काढतच नाही हो. डॉक्टर आज सोडतील की थांबायला सांगतील, ते तिथे गेल्याशिवाय कळत नाही. मग मिळेल ते, पडेल त्या भावात घ्यायचं." त्या हे तक्रारीच्या सुरात बोलत नव्हत्या, पण मला ते लागलं. ज्या माणसाला आपली परतायची वेळ माहीत नाही, त्याला आज सगळ्यात जास्त पैसे मोजावे लागतात. १९६१च्या त्या सेवेत ईस्टर्ननं नेमका हाच माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता.

प्रवाशाचा एक तास विमानाच्या अंगावर कसा उमटतो, हेही सांगायला हवं. विमानाचं वय वर्षांत किंवा नुसत्या तासांत धरत नाहीत; ते किती वेळा वर गेलं आणि खाली आलं, हे मोजतात. उंचावर बाहेरची हवा विरळ असते, म्हणून केबिनमध्ये दाब भरावा लागतो. प्रत्येक उड्डाणात विमानाचं अंग किंचित फुगतं आणि उतरताना पुन्हा पूर्वीसारखं होतं. खंड ओलांडणाऱ्या विमानाला हे दिवसातून एक-दोनदा सोसावं लागतं, शटलच्या विमानाला सहा-आठ वेळा, कधी त्याहूनही जास्त. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांमध्ये हिलोहून होनोलुलूला निघालेल्या अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७चं छप्पर सात हजार मीटर उंचीवर उडून गेलं. त्या विमानानं तोवर जवळपास ९० हजार फेऱ्या केल्या होत्या, बहुतेक अगदी छोट्या, बेटाबेटांमधल्या, खाऱ्या हवेतल्या. केबिनमधल्या एक कर्मचारी बाहेर फेकल्या गेल्या. बाकीच्या ९४ जणांना घेऊन वैमानिकांनी ते उघडं विमान माउई बेटावर उतरवलं. त्यानंतर जुन्या विमानांच्या तपासणीचे नियम जगभर कडक झाले.

जपाननं हे आधीच ओळखलं होतं. तिथल्या देशांतर्गत मार्गांवर गर्दी एवढी की बोइंगनं त्यांच्यासाठी ७४७ची खास आवृत्ती बनवली, ७४७एसआर. जगभर जे विमान महासागर ओलांडायला वापरत, ते इथे तासाभराच्या प्रवासाला, जवळपास पाचशे आसनं बसवून. वरचेवर चढ-उतार सोसावी म्हणून तिचा सांगाडा अधिक भक्कम केला होता. १९७३ पासून ती उडू लागली. तरीही १२ ऑगस्ट १९८५ला हानेदाहून ओसाकाला निघालेलं असंच एक विमान डोंगरात कोसळलं आणि ५२० माणसं गेली. सात वर्षांपूर्वी त्याची शेपटी धावपट्टीला घासली होती आणि केबिनमधला दाब धरून ठेवणाऱ्या मागच्या भिंतीची दुरुस्ती चुकीची झाली होती. त्या सदोष सांध्यावर प्रत्येक फेरीगणिक ताण येत राहिला आणि तडा वाढत गेला. मार्ग रोजचा झाला, हातवळणीचा झाला, तरी यंत्राला प्रत्येक उड्डाण पूर्ण किमतीनं मोजावं लागतं. या मार्गांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांचं काम रात्री, सगळी विमानं परतल्यावर सुरू होतं.

ईस्टर्नची रीत मागे कशी पडली? त्याचं एक कारण त्याच छोट्या मार्गांवर जन्मलेला उलटा विचार. टेक्सासमध्ये साउथवेस्ट एअरलाइन्सनं १९७१ साली डॅलस, ह्यूस्टन आणि सॅन अँटोनियो या तीन शहरांमध्ये उड्डाणं सुरू केली. १९७२ मध्ये पैशांची इतकी ओढाताण झाली की चारपैकी एक विमान विकावं लागलं. वेळापत्रक मात्र चार विमानांचंच ठेवायचं त्यांनी ठरवलं. उपाय एकच उरला, विमान गेटला लागल्यापासून दहा मिनिटांत पुन्हा निघालं पाहिजे. त्यांनी ते करून दाखवलं. ईस्टर्ननं प्रवाशासाठी विमान थांबवून ठेवलं, साउथवेस्टनं विमानाला थांबूच दिलं नाही. दोन्ही युक्त्यांनी फेऱ्या वाढल्या. पण पहिलीत ढिलाईची जागा होती, दुसरीत ती पिळून काढलेली होती. जग दुसरीच्या मागे गेलं. तिकिटं स्वस्त झाली, ज्यांनी कधी विमान पाहिलं नव्हतं ती माणसं उडू लागली, आणि याचं मोल मी कमी लेखत नाही. पण १९६०-७०च्या दशकांत अमेरिकेतल्या विमानांमध्ये निम्म्याच्या आसपासच जागा भरलेल्या असायच्या, तर २०२४ मध्ये जगभरचा सरासरी आकडा ८३.५ टक्क्यांवर गेला. ऐन वेळी आलेल्या माणसासाठीची जागा याच फरकात होती.

ईस्टर्नची शटल १९८९ साली डोनाल्ड ट्रम्प यांनी ३६ कोटी ५० लाख डॉलरना घेतली. विमानांमध्ये लाकडी सजावट, स्वच्छतागृहात सोनेरी नळ, संगमरवरासारखी बेसिनं आली. कर्जाचा बोजा मोठा होता, नफा झाला नाही आणि १९९२ मध्ये सेवा दुसऱ्या कंपनीच्या हाती गेली. पन्नास मिनिटांच्या प्रवासात नळाकडे कोण पाहतं? तिथे माणसाला वेळेवर सुटणं आणि वेळेवर पोचणं याखेरीज काही नको असतं. पुढे २००१ नंतर सुरक्षा तपासणी वाढली आणि उड्डाणाच्या काही मिनिटं आधी येऊन बसण्याची चैन संपली. ते अटळच होतं. राखीव विमानाची हमीही मग बंद झाली.

त्या हमीचा वारसा कुणाकडे गेला म्हणाल, तर रेल्वेकडे. माद्रिद–बार्सिलोना या मार्गावर इबेरियानं १९७४ मध्ये हवाई शटल सुरू केली होती आणि तो जगातल्या सर्वांत गजबजलेल्या मार्गांपैकी एक झाला होता. २० फेब्रुवारी २००८ला त्या दोन शहरांमध्ये वेगवान रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, जेमतेम अडीच तासांच्या वर. काही वर्षांतच बहुसंख्य प्रवासी आगगाडीत गेले. हवेत विमानच वेगवान, यात वाद नाही. पण गाडी शहराच्या मध्यातून शहराच्या मध्यात जाते. जपानमध्ये टोकियो–ओसाका शिंकान्सेन ही वेगवान रेल्वे १ ऑक्टोबर १९६४ पासून आहे आणि आज गर्दीच्या वेळी तिथे एकट्या नोझोमी या सर्वांत वेगवान गाड्याच तासाला बारापर्यंत सुटतात. सुट्ट्यांच्या गर्दीचे दिवस सोडले तर त्यात काही डबे बिनआरक्षणाचेही असतात. यायचं आणि बसायचं! मला विमानं प्रिय आहेत, तरी जिथे रूळ पोचले तिथे विमानांनी वाट सोडली याचा मला आनंदच आहे. चढताना इंधन सर्वांत जास्त जळतं आणि छोट्या प्रवासात चढण्याचाच वाटा मोठा असतो. फ्रान्सनं २०२३ पासून पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नाँत आणि लियाँला जाणारी उड्डाणं कायद्यानं बंद केली. तिथे अडीच तासांच्या आत पोचवणारी रेल्वे असणं एवढीच अट नाही. दिवसातून पुरेशा गाड्या हव्यात आणि त्याच दिवशी जाऊन, तिथे आठ तासांहून जास्त राहून परत येता आलं पाहिजे, असंही कायदा म्हणतो. ज्यानं कुणी हे कलम घातलं, त्याला प्रवास म्हणजे काय ते ठाऊक होतं.

काही शहरांच्या वाट्याला मात्र 'पुढचं' विमान कित्येक वर्षं आलंच नाही. तैपेई आणि शांघाय यांच्यात सातशे किलोमीटरसुद्धा नाहीत. १९४९ नंतर जवळजवळ साठ वर्षं तैवान आणि मुख्यभूमी चीन यांच्यात नियमित थेट विमान नव्हतं. माणसं आधी हाँगकाँगला जायची, विमान बदलायची आणि मग उलटं वर यायची. तैपेई–हाँगकाँग हा जगातल्या सर्वांत व्यग्र आंतरराष्ट्रीय मार्गांपैकी एक होता, आणि त्यात किती जणांना मुळात हाँगकाँगला जायचंच नव्हतं! जुलै २००८ मध्ये शनिवार-रविवारची थेट विमानं सुरू झाली, पण तीही हाँगकाँगच्या हवाई हद्दीतून वळसा घालून जायची. सरळ रेषेत, रोज उडायला डिसेंबर उजाडला. २०१० पासून तर दोन्हीकडच्या शहरातल्या जुन्या विमानतळांवरून, तैपेईच्या सोंगशानवरून शांघायच्या होंगचाओला, विमानं जाऊ लागली. ज्यांचे नातेवाईक पलीकडे होते, त्यांना हे वेळापत्रक पहिल्यांदा वाचताना काय वाटलं असेल, याचा विचार मी अनेकदा करतो.

आणि जिथे मध्ये समुद्र आहे आणि रूळ जाऊ शकत नाहीत, तिथे शटल आजही पूर्ण भरात आहे. दक्षिण कोरियात सोलच्या गिम्पोहून जेजू बेटापर्यंतचा साडेचारशे किलोमीटरचा मार्ग हा जगातला सर्वांत गजबजलेला हवाई मार्ग. २०२४ मध्ये दोन्ही दिशा मिळून १ कोटी ४० लाखांहून जास्त आसनं तिथे उपलब्ध होती, म्हणजे दिवसाला सरासरी ३८ हजार. सकाळपासून रात्रीपर्यंत काही मिनिटांच्या अंतरानं विमानं सुटत राहतात. बेटावर कुणाला दूरचं वाटावं असं काहीच उरलेलं नाही, जोवर हवा ठीक आहे तोवर. २३ जानेवारी २०१६ला जेजूवर कित्येक वर्षांत झाला नव्हता एवढा बर्फ पडला आणि विमानतळ २५ तारखेच्या दुपारपर्यंत बंद राहिला. ऐंशी हजारांहून जास्त माणसं अडकली. हजारो जण टर्मिनलच्या फरशीवर झोपले. विमानतळ उघडला तरी प्रश्न सुटला नव्हता, कारण पुढची सगळी विमानं आधीच विकली गेलेली होती. गिम्पोवर रात्री अकरा ते सकाळी सहा विमानं उतरू देत नाहीत. आजूबाजूला वस्ती आहे, लोकांना झोप हवी, आणि तो नियम रास्तच आहे. त्या रात्री मात्र तो बाजूला ठेवून रात्रभर जादा विमानं चालवली गेली.

असे समुद्रावरचे मार्ग चालवणाऱ्या कंपन्यांनी मिळून एक विमान आणि त्याचे कर्मचारी कायम राखीव ठेवावेत, असं मला वाटतं. तिघा ब्राझिली कंपन्यांना एकत्र वेळापत्रक जमलं, तर हेही जमेल. बर्फाच्या दोन दिवसांची गर्दी एका विमानानं संपणार नाही हे मला कळतं. पण एखादं विमान बिघडलं, एखादी फेरी रद्द झाली, एखाद्याच्या आईला डॉक्टरांनी अचानक सोडलं, अशा रोजच्या अडचणींना ते पुरेल. त्याचा खर्च वर्षाच्या एवढ्या आसनांवर वाटला तर एका तिकिटामागे फार येणार नाही. माझ्या वाट्याचा मी आनंदानं देईन.